कुंभळवाडीची दुसरी विहीर

सोमनाथ रेणुसे आमच्या ऑफिसात लागला त्याला आता नऊ वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात मी आनंदरावांना सांगून टाकलं होतं की हा माणूस काही टिकायचा नाही. मार्गासनीच्या वरच्या अंगाला असलेल्या कुंभळवाडीतून सकाळी उतरायचं, जीपने नसरापूर, तिथून कापूरहोळ, तिथून एसटीने भोर, आणि संध्याकाळी हेच सगळं उलटं. मी ऑफिसपासून सात मिनिटांवर राहते आणि तरी उशिरा पोचते. तो नऊ वर्षांत एकदाही उशिरा आला नाही. माझा अंदाज चुकला याचा मला राग आला, आणि तो मी बरीच वर्षं त्याच्यावरच काढला.

आमचं ऑफिस खासगी मोजणीचं. मालक आनंदराव, सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. शेतांच्या हद्दी, प्लॉटचे नकाशे, रस्त्यांची आखणी अशी कामं. मी सुलू. फोन, पत्रव्यवहार आणि मोठे नकाशे छापायचं यंत्र माझ्याकडे. संगणकावरचं बाकी सगळं सोमनाथकडे. तो आयटीआयचा आरेखक. संगणक त्याला कोणी शिकवला नाही, तो बघून बघून शिकला.

त्याचा चेहरा कोऱ्या कागदासारखा. शाबासकी दिली तरी तोच, झापलं तरी तोच. मी त्याला विचारायची, अरे जिवंत आहेस ना? तो मान वर न करता म्हणायचा, “हाय की.” एवढ्यावर संभाषण संपायचं आणि मी एकटीच चिडून बसायची.

आणि एक खोड होती. तो काही म्हणजे काहीच टाकायचा नाही. त्याच्या खणात शाई संपलेली पेनं, तुटक्या पट्ट्या, तीन मोडके कटर. नवी वस्तू आली की ती जुनीच्या शेजारी ठेवायची. मी एकदा त्याच्या घरी गेले होते, त्याची आई बाळाबाई आजारी होती तेव्हा. तिथेही तेच. माळ्यावर जुनं पातेलं, खाली नवं पातेलं. खुंटीला माती वाहायची, बूड गेलेली पाटी आणि तिच्याच शेजारी नवी पाटी. फेकून का देत नाही म्हटलं तर म्हणाला, “असू दे ताई. ते काय खायाला मागतंय?” आपल्याकडे बहुतेक घरं अशीच चालतात, त्यामुळे मी पुढे काही बोलले नाही.

संगणकावरही त्याने हेच केलं होतं. आमच्या कामात एक छोटा प्रोग्राम फार लागतो. त्याला चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळी खिडकी उघडायची, चार अक्षरांचं नाव टाइप करायचं, पुढे आकडे द्यायचे, की तो उत्तर देतो. त्याचं काम एकच. जुन्या सरकारी नकाशावरचा अक्षांश-रेखांश आणि मोबाईलमधला अक्षांश-रेखांश हे एक नसतात. जुने नकाशे इंग्रजांच्या काळच्या मापाने बांधलेले आहेत, मोबाईल उपग्रहाच्या मापाने चालतो. आपल्या भागात दोन्हींत साधारण सव्वाशे मीटरचा फरक पडतो. तो प्रोग्राम जुन्याचं नवं करून देतो. त्याची सुधारित आवृत्ती आली की सोमनाथ ती घ्यायचा आणि जुनी तशीच राहू द्यायचा.

कुंभळवाडीला पाणी नाही. म्हणजे पावसात डोक्यावरून वाहतं आणि फेब्रुवारीत ओढ्यातल्या डबक्यात वाटीने भरावं लागतं. भाटघरच्या धरणाचं पाणी डोंगराच्या पलीकडे चमकताना दिसतं, ते बघत बायका हंडे घेऊन उतरतात. पंचवीस वर्षांपूर्वी एक भूगर्भतज्ज्ञ वाडीत येऊन दोन दिवस फिरून गेले होते. त्यांनी अहवाल लिहिला होता की अमुक ठिकाणी, ओढ्याच्या वळणाखाली, तीस-पस्तीस फुटांवर पाणी लागेल. अहवाल ग्रामपंचायतीच्या कपाटात राहिला आणि ते गृहस्थ वारले. मागच्या वर्षी कपाट रंगवायला काढलं तेव्हा कागद सापडला. त्यात जागेचे आकडे होते, जुन्या नकाशाच्या मापातले.

वाडीला आनंद झाला, कारण आकडे समजणारा माणूस घरचाच होता. डिसेंबरात सोमनाथने ऑफिसात बसून ते आकडे काळ्या खिडकीत घातले, आलेलं उत्तर मोबाईलमध्ये घेतलं आणि रविवारी पंधरा-वीस माणसांसह ते ठिकाण शोधत चालत गेला. मोबाईलने जिथे थांबवलं ते ठकुबाईचं भाताचं खाचर होतं. ठकुबाई एकटी बाई, साठीच्या पुढची, आणि तिच्याकडे धड पिकणारं खाचर ते एवढंच. ओढ्याचं एक वळण तिथे वर दिसत होतं, त्यामुळे अहवालाशी जुळलंही. फक्त म्हातारा सोनबा म्हणाला की टोपीवाला साहेब हितं न्हाई, वर गेनूच्या आंब्याखाली उभा हुता, म्या त्याला पानी पाजलंय. गेनू म्हणजे सोमनाथचे वडील. लोक हसले. सोनबाला सकाळचं जेवण आठवत नाही, पंचवीस वर्षांपूर्वीचं काय आठवणार, आणि मोबाईल तर समोर दाखवत होता.

ठकुबाईने मिनिटभर विचार केला आणि जागा दिली. खुंटी मारली, नारळ फोडला. आमच्या भागात एक आहे, नारळ फुटला की जागा हलत नाही. घराची असो, देवाची असो, विहिरीची असो. आधी हवी तितकी चर्चा करा, नारळ फुटल्यावर कोणी ब्र काढत नाही. हलवली तर अख्ख्या गावाला बाधतं असं मानतात.

जानेवारीत पोकलेन आलं, पुण्याच्या एका मंडळाने पाठवलेलं. बाकी श्रमदान. वीस फुटांवर कातळ लागला. सोनबा पुन्हा म्हणाला, वर बघा. त्याला गप्प बसवलं, कारण नारळ फुटला होता. तीस फूट, चाळीस फूट, पंचेचाळीस. कोरडा काळा कातळ, ओलसुद्धा नाही. पोकलेन परत गेलं. ठकुबाईच्या खाचरात मधोमध खड्डा आणि चहूबाजूंनी मुरमाचे ढीग राहिले. कोणी कोणाला दोष दिला नाही. पाणी नशिबात नाही म्हणाले आणि बायका पुन्हा डबक्यावर जायला लागल्या.

सोमनाथ सोमवारी वेळेवर आला. मी विचारलं, तर म्हणाला न्हाई लागलं. मग डबा न उघडता काम करत राहिला.

दोन दिवसांनी मी बघितलं की तो काळी खिडकी उघडून एकच आकडा पुन्हा पुन्हा टाकतोय. आम्ही चार वर्षांपूर्वी भाटघरच्या एका देवळाच्या जागेचं काम केलं होतं. ते आकडे त्याच्या वहीत होते, देवळाच्या पायरीवर उभं राहून ताडून घेतलेले. तेच आकडे आता घातले तर उत्तर वेगळं येत होतं. देऊळ सव्वाशे मीटर सरकलं होतं.

मी म्हटलं, खराब झाला असेल प्रोग्राम, काढून परत टाक. त्याने तसं केलं. आपली आवृत्ती काढली, पुन्हा टाकली. उत्तर तेच चुकीचं. मग त्याने प्रोग्रामला विचारलं की तू कितवी आवृत्ती आहेस. त्याने जो आकडा सांगितला तो सोमनाथने कधीच टाकलेला नव्हता. सोमनाथने आपली आवृत्ती पुन्हा काढली, या वेळी परत टाकलीच नाही, आणि नुसतं नाव टाइप केलं. प्रोग्राम नसायला हवा होता. त्याने उत्तर दिलं.

हे बघून मला अंगावर काटा वगैरे काही आला नाही. मला वाटलं, चला, आता जेवायला हरकत नाही. माझं डोकं असंच चालतं.

जेवण झाल्यावर त्याने संगणकाला आणखी एक प्रश्न केला. या नावाचे प्रोग्राम तुझ्याकडे कुठे कुठे आहेत, सगळे दाखव. सगळ्यात जुना एक होता, त्याने कधीच न काढलेला. त्याचा नेहमीचा त्याने जागेवर परत ठेवला होता. आणि तिसरा एका अशा कप्प्यात, म्हणजे फोल्डरमध्ये, होता जिथे तो कधी गेला नव्हता. यादीत तो तिसरा सर्वांत वर होता.

“ताई, ह्यात तीन हायेत,” तो म्हणाला.

मग त्याने मला समजावलं. नऊ वर्षांत तो माझ्याशी सलग इतकं पहिल्यांदाच बोलला असेल. काळ्या खिडकीत नाव टाइप केलं की संगणक ठरलेले कप्पे ठरलेल्या क्रमाने उघडत जातं. पहिल्या कप्प्यात त्या नावाचं कोणी सापडलं की त्यालाच काम सांगतं आणि पुढे बघतच नाही. पुढच्या कप्प्यात शहाणा बसलाय का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. वर बसलेला हा तिसरा नव्या आवृत्तीचा होता, पण जुन्या मापाची माहिती असलेली फाईल त्याच्याजवळ नव्हती. फाईल नाही म्हणून तो थांबला नाही, तक्रारही केली नाही. जुन्याचं नवं न करता आकडे तसेच परत दिले आणि वर उत्तर म्हणून दाखवले.

त्याने क्रम बदलला, आपला कप्पा वर घेतला. तरी उत्तर चुकीचंच. मी म्हटलं, आता काय भूत आहे का? त्याने खिडकी बंद करून नवी उघडली. आधीपासून उघडी असलेली खिडकी जुनाच क्रम धरून बसते म्हणे, तिला बाहेर काय बदललं ते कळत नाही. नव्या खिडकीत भाटघरचं देऊळ आपल्या पायरीवर परत आलं.

मग त्याने कुंभळवाडीच्या विहिरीचे आकडे घातले. आलेली जागा नकाशावर टेकवली आणि स्क्रीनकडे बघत राहिला. ती जागा त्याच्या वडिलांच्या वावरात होती, बांधावरच्या आंब्याच्या झाडाखाली. सोनबा सांगत होता तिथेच.

मी हे नीट सांगते, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. वाडीला पाणी हवं असेल तर सोमनाथला जाऊन सांगावं लागणार होतं की खरी जागा माझ्या शेतात आहे आणि मी ती ठकुबाईच्या शेतात दाखवली. यंत्रात एकाच नावाचे तीन प्रोग्राम होते आणि चुकीचा पुढे लागला, हे वाडीत कोण मानणार? लोक एवढंच म्हणणार की आपलं वावर वाचवायला यानं एकट्या बाईचं खाचर खणायला लावलं. आणि न सांगावं तर कोणालाच कधी कळणार नव्हतं, फक्त बायका डबक्यावर जात राहिल्या असत्या. आनंदराव तेच म्हणाले. म्हणाले, सोमनाथ, पाणी नशिबात नव्हतं यावर सगळे खूश आहेत, तू कशाला हात घालतोस, ऑफिसचंही नाव जाईल. सोमनाथने विहिरीच्या आकड्यांचा कागद घडी करून खिशात ठेवला.

आता माझं. तो तिसरा प्रोग्राम ज्या कप्प्यात होता त्या कप्प्याचं नाव माझ्या छपाई यंत्राच्या सॉफ्टवेअरचं होतं. शेजारी तारीख होती, नोव्हेंबरची चौदा. दिवाळीत सोमनाथ रजेवर होता. मला एका प्लॉटचा नकाशा छापायचा होता आणि छपाईचं यंत्र हलेना. दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं की नवं सॉफ्टवेअर उतरवा आणि विचारेल त्याला हो म्हणत जा. मी सोमनाथच्या खुर्चीत बसून हो म्हणत गेले. पाच-सहा प्रश्न आले, एकही वाचला नाही. हे कप्पे सगळ्यांच्या पुढे लावू का, असं त्यातल्या एकाने विचारलं असणार, आणि त्यालाही मी हो म्हटलं असणार. त्या सॉफ्टवेअरच्या पोटात त्याच नावाचा प्रोग्राम आहे हे मला कुठून माहीत? नकाशा छापून झाला आणि मी घरी गेले. सोमनाथला सांगायचं राहून गेलं.

त्याने ती तारीख बघितली, मी त्याच्या खांद्यावरून बघितली. तो वळला नाही. त्याने माझा कप्पा काढूनसुद्धा टाकला नाही, फक्त खाली नेला. म्हणाला, “काढला तर तुमचं छापायचं काम अडंल.” मला वाटलं की मी आता काहीतरी बोलेन. बोलले नाही. मला लाज वाटायला हवी होती तर तीही वाटली नाही, नुसतं आत काहीतरी बधिर होऊन राहिलं, जसं दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आल्यावर गाल राहतो.

रविवारी तो वाडीत सांगणार होता. मी म्हटलं मी पण येते, तुझ्या बाजूने बोलायला कोणीतरी हवं. हे मी खरंच म्हटलं होतं. भैरोबाच्या देवळासमोर तीसेक माणसं जमली. ठकुबाई पायरीवर बसली होती, सोनबा खांबाला टेकून, आणि सोमनाथचे वडील गेनू सगळ्यांच्या मागे उभे होते. वडिलांना त्याने आदल्या दिवशी सांगितलं होतं. त्यांनी फक्त विचारलं होतं, आंबा तोडावा लागंल काय?

सोमनाथने सांगितलं. त्याने कागदावर तीन कप्पे काढून आणले होते, ते दाखवले. कोणी कागदाकडे बघितलं नाही. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि तो कागदाकडे. तो म्हणाला की कारण काही असो, वळखीच्या ठिकाणावर आधी ताडून बघायचं हे माझं काम हुतं, म्या बघितलं न्हाई. खरी जागा आमच्या आंब्याखाली हाय.

एकजण म्हणाला, व्हय का, बरं झालं सांगितलंस. तो काही चांगल्या अर्थाने म्हणाला नव्हता. दुसऱ्याने विचारलं की हा तिसरा प्रोग्राम यंत्रात आला कुठून, आपोआप आला काय?

हाच तो प्रश्न. मी समोर उभी होते. भोरहून खास बोलायला आलेली, इस्त्रीची साडी नेसून. सोमनाथने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो म्हणाला, “माझ्याच यंत्रात हुता. चूक माझी हाय.”

आणि मी मूग गिळून उभी राहिले. भीती वाटली असं म्हणायला आवडलं असतं, पण तसंही नाही. मला फक्त असं वाटलं की आता दुसऱ्या कोणीतरी बोलावं.

ठकुबाईने एकच विचारलं. माझ्या खाचराचं आता काय व्हनार? सोमनाथ हातातल्या कागदाची घडी घालत राहिला.

सभा तिथेच संपली, भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. लोकांनी गेनूकडून जागेचं लिहून घेतलं आणि मार्चमध्ये काम सुरू झालं. या वेळी नारळ सोनबाने फोडला. रेणुशांच्या घरातल्या कोणाला पुढे बोलावलं नाही, वावर त्यांचं असून. आंबा तोडावा लागला. बत्तीस फुटांवर पाणी लागलं, चांगलं कमरेएवढं, आणि दुसऱ्या दिवशी छातीएवढं. पूजेचा नारळ वाडीत घरोघर वाटला, सोमनाथच्या आईच्या, बाळाबाईच्या दारात मात्र कोणी आणून दिला नाही. पाणी भरायला सगळ्यांची वाट आता बाळाबाईच्या अंगणावरून जाते. बायका जातात, येतात, तिच्याशी बोलत नाहीत.

ऑफिसात सोमनाथ पूर्वीसारखाच. एक बदल झाला. आता कुठलाही आकडा काढला की कागदाच्या कोपऱ्यात तो लिहितो, कुठल्या कप्प्यातला, कितवी आवृत्ती, आणि कुठल्या ओळखीच्या जागेवर ताडून बघितलं. आनंदराव म्हणतात एवढं कोण वाचतं. तो लिहितो. मी कोपरा न बघता छापते.

एप्रिलच्या शेवटी मी त्याला म्हटलं की मी वाडीत जाऊन सांगणार आहे. तो रेघ ओढत होता. रेघ पुरी केली आणि म्हणाला, “पानी लागलंय ताई. राहू द्या आता.” मी म्हटलं, राहू दे कसं? तुझ्या आईशी कोणी बोलत नाही. त्याने पुढची रेघ ओढायला घेतली. मला त्याचा इतका राग आला की मी फाईल आपटली. मग कळलं, राग माझ्यावरचाच होता आणि जागा चुकून त्याच्यावर पडत होता. नऊ वर्षं असंच चाललं होतं.

मेच्या दुसऱ्या रविवारी मी एकटी गेले. मार्गासनीपासून वर चालत. ठकुबाई विहिरीवर होती. ऊन लागलंय म्हणून तिने आधी मला तांब्याभर पाणी दिलं. गार होतं, गोड होतं. पाणी पिऊन मी सांगितलं. चौदा तारीख, छपाई यंत्र, सगळ्याला हो म्हटलेलं, आणि देवळासमोर गप्प उभी राहिले तेही. तिला कप्पे-बिप्पे कळले नसतील, पण कोणाचा हात लागला ते बरोबर कळलं. मी म्हटलं, तुम्ही लोकांना सांगा, किंवा लोकांना बोलवा, मी सांगते.

ठकुबाईने पोहरा वर ओढला, हंड्यात ओतला, चुंबळ डोक्यावर ठेवली. मग म्हणाली, “बाई, तवा तुमी बोलला असता तर ठीक हुतं. आता त्याच्या नावावर नारळ फुटलाय. आता कोन हलवनार?”

मी म्हटलं, पण ते खरं नाही.

“माझ्या खाचरात पानी हाय हे तरी कुठं खरं हुतं?” ती म्हणाली आणि हंडा उचलून चालू लागली. रागावून नाही, आवाजात काहीच नव्हतं. पाच-सहा पावलांवर थांबली आणि मागे न बघता म्हणाली की सोमनाथ खाली खाचरात आहे.

मी खाली गेले. कोरड्या विहिरीला भोवती काट्या लावलेल्या होत्या. मुरमाचे ढीग निम्मे झाले होते. पोकलेनने काळी माती खाली आणि मुरूम वर केला होता, तो सोमनाथ हाताने वेचत होता. एक एक दगड पाटीत टाकायचा, पाटी भरली की बांधाबाहेर नेऊन ओतायची. मार्चपासूनचे सगळे रविवार तो हेच करत होता, हे मला तेव्हा कळलं. दर सोमवारी त्याची बोटं फुटलेली असायची आणि मी कधी विचारलं नव्हतं.

त्याने मला बघितलं. मी ठकुबाईला सांगून आलेय, हे त्याला माझ्या तोंडावरून कळलं असावं.  मी पदर खोचला आणि वाकून दगड उचलायला लागले. ऊन डोक्यावर होतं, मुरूम तापलेला होता, आणि मला रडू येईल असं वाटत होतं ते काही आलं नाही. ओंजळ भरल्यावर कुठे टाकू म्हणून मी इकडेतिकडे बघितलं.

सोमनाथ उठला, बांधावरून एक पाटी आणली आणि माझ्यासमोर ठेवली. खुंटीवरची ती जुनी, बूड गेलेली. बुडाला त्याने पोत्याचा तुकडा शिवला होता. मी दगड तिच्यात टाकले.